मतदार ‘पक्षांतर’ करत नाही आणि मगवंप कुंपणावर बसत नाही

प्रश्न: अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्यांत ‘कामगार मतदारांचे पक्षांतर’ असं सर्रास ऐकू येतं. मतदाराला हा शब्द चालतो का? तिकडे अशा लोकांना ‘मगवंप’ म्हणत आणि त्याचा अर्थ ‘कुंपणावर बसलेला’ असा दिला जातो, तो बरोबर आहे का? आणि राष्ट्राध्यक्षांची ‘लोकप्रियता’ इतके टक्के, म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं?

उत्तर: चालत नाही. पक्षांतर करायला आधी पक्षात असावं लागतं. टेक्ससच्या फिल ग्रॅम यांनी केलं ते पक्षांतर. १९८३च्या जानेवारीत त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला, प्रतिनिधिगृहातल्या जागेचाही राजीनामा दिला आणि महिन्याभरात त्याच जागेवरून रिपब्लिकन म्हणून निवडून आले. २००१मध्ये व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले, डेमोक्रॅटांच्या बाकांकडे सरकले आणि पन्नास-पन्नास अशी विभागलेली सिनेट एका माणसाने फिरवली. राजीनामा-बिजिनामा काही नाही. तेही पक्षांतरच. पण मिशिगनच्या मॅकोंब परगण्यातल्या ज्या मोटार कामगाराने १९६०ला डेमोक्रॅट केनेडींना मत दिलं आणि १९८४ला रिपब्लिकन रेगनना, त्याने कसलं पक्षांतर केलं? मिशिगनमध्ये मतदाराच्या नोंदणीत पक्षाचं नावच लिहिलं जात नाही. त्याने मत फिरवलं, एवढंच. ज्या राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्षही नोंदवता येतो, तिथे ती नोंद बदलणाऱ्याला मी फार तर हा शब्द देईन, तोही कुरकुरत. मतं फिरली, गठ्ठा फुटला, मतदाराने पाठ फिरवली, कल बदलला: एवढे शब्द दारात उभे असताना वृत्तनिवेदकांना नेमकं पक्षांतरच का आठवतं, हे मला कळत नाही. आयाराम-गयाराम ऐकून कान बिघडले असावेत.

आता मगवंप. हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचे आभार मानायला हवेत.

१८८४ साली रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांशी साटंलोटं केल्याचे आरोप होते. पक्षातले बरेच सुशिक्षित, सुखवस्तू लोक बिथरले आणि उघडपणे डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या मागे उभे राहिले. मार्क ट्वेन त्यांच्यातलेच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण थिओडोर रूझवेल्ट मात्र कुरकुरत का होईना, पक्षातच थांबले. क्लीव्हलँड यांनी न्यूयॉर्क राज्य हजार-बाराशे मतांनी जिंकलं आणि त्या राज्याच्या ३६ निर्वाचक मतांवर (तिकडे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला वाटून दिलेल्या या मतांवर) ते राष्ट्राध्यक्ष झाले. आता मला सांगा, यात कुंपणावर कोण बसलं? ही माणसं कुंपण ओलांडून पलीकडच्या शेतात राबायला गेली होती. (आणि ‘कुंपणावर बसणे’ हा तरी कुठला मराठी वाक्प्रचार? आपलं ‘तळ्यात-मळ्यात’ काय वाईट आहे? दोन्ही डगरींवर पाय ठेवणारेही आपल्याकडे पूर्वापार आहेत.)

कुंपणाचा घोळ एका विनोदातून झाला. ‘मग’ म्हणजे थोबाड आणि ‘वंप’ म्हणजे बूड; एक कुंपणाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे ठेवून बसतो तो पक्षी मगवंप. हा विनोद १८८४ नंतर पन्नासेक वर्षांनी गाजला. विनोद म्हणून झकास आहे, पण तो व्युत्पत्ती म्हणून छापणाऱ्यांना काय म्हणावं? दुसरे काही जाणकार सांगतात की शब्द न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राने आणि त्याचे संपादक चार्ल्स डेना यांनी घडवला. तेही चूक. डेनांनी तो गाजवला. थट्टेच्या अर्थाने ‘बडं प्रस्थ’ म्हणून तो १८३०च्या दशकातच छापून आला होता. वाजवणाऱ्याला घडवणारा ठरवायचं, ही अभ्यासकांची जुनी खोड.

शब्द आहे मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेतला: मगक्वॉम्प, म्हणजे नायक, युद्धातला म्होरक्या. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने त्या भाषेत बायबलचं भाषांतर केलं आणि १६६३ साली ते केंब्रिजला, मॅसॅच्युसेट्समध्येच, छापून झालं. अमेरिकेत छापलेलं हे पहिलं बायबल, आणि ते इंग्रजीत नाही. त्यात ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात एसावच्या वंशजांची यादी आहे: अमका सरदार, तमका सरदार. इंग्रजी भाषांतरात तिथे ‘ड्यूक’ आहे. एलियटला मॅसॅच्युसेटच्या किनाऱ्यावर ड्यूक कुठून सापडणार? त्याने मगक्वॉम्प घातला. मूळ हिब्रू शब्द ‘अलूफ’. तो ‘एलेफ’ म्हणजे हजार यावरून आला असं एक मत आहे आणि मला ते फार आवडतं. हजारांचा नायक तो अलूफ, म्हणजे आपल्या ‘पंचहजारी’च्या घरातलाच की! एका थोबाड-बुडाच्या विनोदामागे एवढी सरदारकी दडलेली.

म्हणून माझं म्हणणं असं की मगवंपला मराठीत एकच शब्द शोभतो: टिकोजीराव. ‘हा कोण टिकोजीराव लागून गेला?’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘जी’ही देतो, ‘राव’ही देतो आणि दोन्ही देऊन माणसाला खाली बसवतो. १८८४ला पक्षनिष्ठांनी बंडखोरांना मगवंप म्हटलं ते याच सुरात: पक्षापेक्षा स्वतःला शहाणे समजणारे सरदार. ‘लॉर्ड’चा ‘लाटसाहेब’ आपण असाच केला. मान देणारा शब्द उलटा करून फेकायचा, हे आपल्याकडे चांगलं मुरलेलं आहे. एका मित्राने ‘दीडशहाणा’ सुचवला. अर्थ जवळ जातो, पण त्यात सरदारकी नाही, मजाच गेली. ‘तटस्थ’ सुचवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्यांनी क्लीव्हलँडच्या प्रचारसभांची वर्णनं वाचावीत.

हो, लोकप्रियता राहिलीच. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या जनमत चाचणीत विचारत ते असं, की अमुक राष्ट्राध्यक्ष ज्या रीतीने आपलं काम करत आहेत ती तुम्हाला पसंत आहे की नाही. माणूस आवडतो का, पुन्हा मत देणार का, हे त्या प्रश्नात नाही. तेव्हा ‘कामाला पसंती’ म्हणा. आखाती युद्धानंतर १९९१च्या मार्चमध्ये थोरल्या बुश यांच्या कामाला ८९ टक्के पसंती होती. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना मतं मिळाली साधारण ३७ टक्के. ‘लाट’ हा शब्दही जरा जपूनच वापरा. रेगन यांनी १९८४ला ५०पैकी ४९ राज्यं जिंकली आणि त्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या सिनेटमधल्या दोन जागा घटल्या.