पहिली गोधडी भेट द्यायचीय? लहानच शीव

अगं, पहिल्याच फटक्यात डबलबेडची गोधडी काढू नकोस, अर्ध्यात कंटाळशील. बारशाला देण्याजोगी तीन बाय तीन फुटांची घे. आत जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी. सिंथेटिक नकोच, थर सरकतात.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून नवं कापड आणलंस तर आधी धू. मी एकदा आळस केला. पहिल्याच धुण्यात लाल काठाचा रंग पांढऱ्यावर उतरला, आणि गोधडी तोवर कळव्याला भाचीकडे पोचलेली!

- कच्चे टाके (थर धरून ठेवायला घालायचे तात्पुरते लांब टाके) मधून बाहेर घाल. कडेपासून सुरू केलंस की मध्ये फुगा येतो.
- दोरा हातभरच, नाहीतर गुंता.
- बाळासाठी टिकल्या-आरसे नकोत.

धावदोरा वाकडा आला तरी उसवत बसू नकोस. ठिगळांची नक्षी दुसऱ्या गोधडीला बघू.