स्टिरिओ बदलला, आवाज गेला

प्रश्न : माझ्या गाडीत कंपनीचाच वेगळा ॲम्प्लिफायर आहे. बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. स्क्रीन लागते, गाणं सुरू झालेलं दिसतं, पण एकाही स्पीकरमधून आवाज नाही. स्टिरिओ खराब असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक नाही. तुमचा ॲम्प्लिफायर चालूच होत नसावा. त्याला जागं करायला स्टिरिओकडून १२ व्होल्टचा इशारा लागतो. तो सहसा पांढरा पट्टा असलेल्या निळ्या वायरीतून येतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला लावा, स्टिरिओ चालू करून लाल पिनने ती वायर तपासा. १२ व्होल्ट दिसले तर ती गाडीच्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) ॲम्पच्या रिमोट वायरीला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या वायरीला जोडा. रंगावर विसंबू नका, तुमच्या मॉडेलचा वायरिंग नकाशा बघाच. नुसती निळी वायर अँटेनाची असते. काही स्टिरिओंत ती फक्त रेडिओ लावल्यावर जिवंत होते, म्हणजे ब्लूटूथवर गेलात की पुन्हा शांतता. कायम चालू असलेल्या पिवळ्या वायरीला तर जोडूच नका, ॲम्प रात्रभर जागा राहून बॅटरी उतरेल.

आवाज आला, पण फाटका आणि सूं-सूं करणारा? मग स्टिरिओच्या स्पीकर वायरी थेट ॲम्पच्या इनपुटला गेल्या असतील. तिथे आरसीए प्रीआउट, म्हणजे स्टिरिओच्या मागचे कमी ताकदीचा सिग्नल देणारे गोल सॉकेट, जोडायला हवेत. त्यासाठी तुमच्या मॉडेलचा, ॲम्पवाल्या गाडीसाठीचा हार्नेस घ्या. ॲम्प काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका. अशा गाड्यांतले काही स्पीकर २ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असतात आणि ४ ओहमसाठी बनवलेला स्टिरिओ त्यांच्यावर तापतो.