आर्किटेक्चरमध्ये पीएच.डी.: आधी गाइड, मग संस्था

लातूरला नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची तर संस्थेच्या नावामागे धावू नका, आधी गाइड शोधा. शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. संशोधनपद्धतीचं प्रकरण वाचलं की मार्गदर्शन कसं आहे ते कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमांनुसार एका वेळी जास्तीत जास्त प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी. जागा रिकामी आहे का, हे अर्जाआधीच मेल करून विचारा, नाहीतर चांगला प्रस्तावही पडून राहतो. 1993 च्या किल्लारी भूकंपात ढासळलेल्या दगड-मातीच्या माळवदी घरांवर काम करायचं असेल तर रुडकी आयआयटी बघाच. तिथे आर्किटेक्चरसोबत भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. पार्ट-टाइमला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कोर्सवर्कला (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला) किती दिवस हजर राहावं लागेल, तेही लेखी विचारून घ्या.