पेनड्राइव्हवरचं लिनक्स, चार जीबी रॅम आणि जाणारी लाइट

भाऊ, तू जे लिहिलं ते मला असं समजलं: काकाच्या सेवा केंद्रात विंडोज १० चा जुना कम्प्युटर आहे, ४ जीबी रॅमचा, त्याच्यावर तुला संध्याकाळी अभ्यास न मराठी टायपिंग करायचंय पण विंडोजला हात लावायचा नाही, म्हणून रूफस नावाच्या टूलने पेनड्राइव्हवर उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, ते चालूबी होते, पण बंद केलं का वायफायचा पासवर्ड, फायली, सारंच साफ.

बिघडलं काहीच नाही बाप्पा. आयएसओ, म्हणजे सिस्टिमची एकच मोठी फाइल, पेनड्राइव्हवर नुसती टाकली का लाइव्ह सिस्टिम बनते, म्हणजे मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती राहते आणि तू जे काही करतो ते रॅममधे, मशीन बंद तर तेबी गेलं. टिकवायला पर्सिस्टन्स लागते, म्हणजे बदल साठवायला पेनड्राइव्हवर राखून ठेवलेली जागा. रूफसमधे त्याचा स्लायडर असते, तो तू शून्यावरच ठेवला असशील, तो सरकवून पुन्हा बनवलं तर आत्ताची तक्रार मिटते.

पण मी तुला ते करायला सांगणार नाही, कारण आपल्याकडची लाइट. उबुंटूचं पर्सिस्टन्स बारीकसारीक बदलबी लगेच पेनड्राइव्हवर लिहिते, ब्राउझरची कॅशे धरून, आणि स्वस्त पेनड्राइव्ह अशा तुकड्या-तुकड्याच्या लिहिण्यात फार रडते, माऊस हलते पण खिडकी उघडत नाही, न त्यातच लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं अडकून बसते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचं जर्नल (काय लिहायचं त्याची आधी केलेली नोंद) बऱ्यापैकी सावरून घेते, पण पेनड्राइव्हच्या आतलीच चिप लिहिता लिहिता बंद पडली तर जर्नल तरी काय करणार. कोणी म्हणेल पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉलच करून टाक, तर त्यात लिखाण तेवढंच, आणि वरून उबुंटूचा इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बरेचदा आतल्या हार्डडिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर, जिथून विंडोज सुरू होते तिथंच, टाकून मोकळा होते. सकाळी सात-बारा काढायला लोक उभे आणि मशीन विंडोज दाखवेना, मग काका तुला केंद्रात पाय ठेवू देईल का?

माझ्या मते तुझ्यासाठी पपी लिनक्स, हे लहानसं लिनक्स आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरने २००३ मधे काढलेलं, आता समुदाय चालवते. यातलं बुकवर्मपप६४ घे, ते डेबियन १२ ची (डेबियन हे दुसरं एक लिनक्स) पॅकेजेस वापरते. उबुंटू २४.०४ ची आयएसओच साडेपाच जीबीच्या वर, तुझ्या रॅममधे मावणारच नाही, पपी आख्खं रॅममधे चढते म्हणून जुन्या मशीनवरबी पळते. पहिल्यांदा बंद करताना ते विचारते का सेव्ह फाइल बनवू का, हो म्हण, एक-दोन जीबी पुरे. मग खरी कामाची गोष्ट: पपीच्या इव्हेंट मॅनेजर नावाच्या सेटिंगमधे आपोआप सेव्ह दर ३० मिनिटांनी असते, ते ० करून टाक, म्हणजे डेस्कटॉपवरचं सेव्ह बटन तू दाबशील तेव्हाच पेनड्राइव्हवर लिहिल्या जाईल. लाइट गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचं तेवढं जाईल, सिस्टिम शाबूत. अभ्यासाच्या फायली मात्र सेव्ह फाइलीत कोंबू नको, पेनड्राइव्हवरच वेगळं फोल्डर कर, ते विंडोजमधेबी उघडते.

मराठीसाठी लोहित देवनागरी फाँट टाक न कीबोर्डमधे इंडियन लेआउट घे, इनस्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची ठरलेली कीबोर्ड मांडणी) सरळ चालते. वायफाय कार्ड ओळखलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग. पपीत तू कायम रूट असतो, म्हणजे सारं काही बदलायची मुभा असलेला, म्हणून डेस्कटॉपवर दिसणाऱ्या विंडोजच्या पार्टिशनला क्लिकसुद्धा करू नको, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पुरतं बंद झालेलंच नसते आणि तिथं लिहिलं का घोळ. आणि अंगठ्याच्या मशीनचं काम काकाला विंडोजवरच करू दे.

पेनड्राइव्ह बाजारातला भरवशाचा घे, ३२ चा म्हणून ४ चा विकणारे कमी नाहीत, लिनक्समधे एफ३ नावाचं टूल आहे, ते चालवलं का खरी साइज कळते.

सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागलं तर त्याआधी विंडोजमधे बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते पाहून घे, असेल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेव, नाहीतर पुढच्या वेळी तीच मागत बसेल. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा बूट मेनू डेल-लेनोवोत बहुतेक एफ१२ ला, एचपीत एफ९ ला. मशीन कोणती आहे ते सांगितलं नाहीस, ते कळव.