गूढकोडं हातात आलं की

मित्रांनी घातलेलं गूढकोडं, म्हणजे ज्याच्या प्रत्येक वाक्यात (शोधसूत्रात) एक उत्तर लपवलेलं असतं असं शब्दकोडं, हातात आलं की आधी त्या वाक्याचा अर्थ विसर. ते भुलवण्यासाठीच रचलेलं असतं. आत दोनच गोष्टी: उत्तराचा सरळ अर्थ आणि ते जुळवायची कृती. सरळ अर्थ जवळजवळ नेहमी सुरुवातीला किंवा शेवटी असतो, म्हणून दोन्ही टोकं आधी चाचपून बघ.

हे घे: ‘बिथरलेली मगर ऊन (३)’. नदीकाठ, उन्हाळा, सगळं डोक्यातून काढ. ‘बिथरलेली’ म्हणजे अक्षरं इकडची तिकडे कर. मगरचं ‘गरम’ झालं, आणि ऊन भात म्हणजे गरम भातच की! विस्कटलेला, पिसाळलेला, झिंगलेला असं काही दिसलं की शेजारच्या शब्दावर संशय घ्यायचा. ‘एक मलमपट्टी उघडली, आत फूल (३)’ यात तर उत्तर समोरच आहे. शब्दांमधली मोकळी जागा मिटवून वाच, ‘कमल’ सापडेल. ‘उलटी नदी गरीब (२)’ मात्र तुझं तू सोडव.

कंसातला आकडा अक्षरांचा. जोडाक्षर एकच धरायचं, आणि काना-वेलांटी आपापल्या अक्षराबरोबरच फिरते.

अडलास तर लगेच उत्तर मागू नकोस, दुसरं शोधसूत्र घे. आणि उत्तर कळवताना फोडही लिही, म्हणजे ते कसं जुळलं ते. कोडं घालणाऱ्याने जीव ओतलेला असतो तो त्या फोडीत. नुसतं ‘कमल’ म्हणालास तर त्याच्या मेहनतीला दाद मिळत नाही. शिवाय फोड लिहिताना सूत्रातला एखादा शब्द वापराविना उरला, तर उत्तर बहुधा चुकलंय.