लोहखनिजाचा भाव पडला की गोव्याला इतका फटका का बसतो?

कारण गोव्याचं खनिज हलक्या प्रतीचं आहे, आणि मंदीत गिऱ्हाईक सगळ्यात आधी हलका मालच सोडतं. जगात भाव सांगतात तो साधारण ६१-६२ टक्के लोहाच्या मालाचा. आमचा बराचसा माल ५८ च्या खालचा, तो त्याहून स्वस्तात जातो. उत्खनन, ट्रक, बार्ज (नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटी), मुरगाव बंदर यांचा खर्च मात्र भावाबरोबर उतरत नाही. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर गेलेला भाव २०१५ च्या अखेरीस ४० च्या खाली होता. डिचोली या खाणींच्या तालुक्यात मी ट्रकमालकांचे हिशेब लिहायचो. तेजीत एकेका घरात कर्जावर दोन-दोन ट्रक यायचे; पुढे फेऱ्या थांबल्या, बँकेचा हप्ता थांबला नाही. गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा, सगळे त्याच फेऱ्यांवर जगणारे. सरकारी तिजोरीचंही तेच: रॉयल्टी, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम, विक्रीच्या किमतीवर टक्क्यांनी लागते, म्हणजे भाव निम्मा झाला की तीही निम्मी.

पण सगळं खापर भावावर फोडू नका. २०१२ ची खाणबंदी बेकायदा उत्खननावरून आली, २०१८ ची लीजच्या, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांच्या, नूतनीकरणावरून. २०१५ मध्ये बंदी उठून काम सुरू होत होतं आणि नेमका तेव्हाच भाव तळाला गेला. खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. माझ्या मते ते तेजीच्या वर्षांतच व्हायला हवं होतं.