आठवीच्या मुलांना स्वच्छ ऊर्जा, वाहतूक आणि हवेची गुणवत्ता कशी शिकवावी? पोस्टर सोडून काही उपक्रम सुचवाल का? (शाळा नाशिकमध्ये आहे)

शाळेच्या गेटपासून सुरुवात करा. सहल नको, प्रभातफेरी तर नकोच.

मी नाशिकमध्येच विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. शाळेचं नाव घेत नाही. आमचा आठवीचा वर्ग तळमजल्यावर, गेटला लागून. सकाळचं सत्र. थंडीत एका मुलीने विचारलं, "सर, पहिल्या तासाला धुराचा वास येतो, मधल्या सुट्टीनंतर का येत नाही?" यापेक्षा चांगला प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते. वरचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो, आणि शेकोट्या, जळता कचरा, गाड्या या सगळ्यांचा धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं की हवा वर जायला लागते. नेमक्या त्या कोंडलेल्या वेळेत आपण शाळा भरवतो आणि गेटवर पन्नास गाड्या उभ्या करतो.

मुलांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना व्हॅसलीन लावून त्या टांगल्या. एक गेटवर, एक मैदानाच्या टोकाला, एक गच्चीवर, आणि द्वारकेला, म्हणजे नाशिकमधल्या गजबजलेल्या चौकाजवळ, राहणाऱ्या मुलाने एक घरच्या गॅलरीत. आठवड्याने भिंगाखाली पाहिल्या. द्वारकेची सगळ्यात काळी निघणार अशी पैज लागली होती. आमच्या गेटची तिच्या तोडीस तोड निघाली.

मग मुलं शाळा सुटताना कंपाउंडच्या आतून मोजायला बसली: थांबलेल्या किती गाड्यांचं इंजिन चालू, किती बंद. चालू ठेवणाऱ्याला नम्रपणे कारण विचारायचं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. "दोनच मिनिटं", "एसी लागतो", "सेल्फ वीक आहे", आणि एका आजोबांचं "तुला कोणी पाठवलं?" रिक्षावाले काका बहुतेक सगळे बंद करून थांबायचे, कारण गॅस त्यांच्या खिशातून जातो. कारवाले सगळ्यात वाईट. चालू इंजिन उभ्या जागी तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल खातं, हे गणित मुलांनी घरी जाऊन वडिलांना ऐकवलं आणि गेटवर थोडाफार फरक दिसायला लागला.

हे सगळं आम्ही विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावर मांडलं. आदल्या दिवशी पर्यवेक्षक आले. म्हणाले, प्रमुख पाहुणे पालकच आहेत, त्यांना वाईट वाटेल. तक्ता जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी गेला. पहिलं बक्षीस मिळालं तोंडात थर्मामीटर धरलेल्या थर्माकोलच्या पृथ्वीला. थर्माकोलच्या!

त्यांचं म्हणणं, मी मुलांना तक्रारखोर बनवतोय आणि पालक दुखावून शाळा चालत नाही. मुलांनी एकाही गाडीचा नंबर लिहिला नव्हता, मी लिहू दिला नव्हता. याच मुलांना भर उन्हात "झाडे लावा, झाडे जगवा" ओरडत रस्त्याने फिरवलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण त्या घोषणेने कुणाचाच एसी बंद होत नाही. मला आजही वाटतं की चूक त्यांचीच होती.

असो, स्वच्छ ऊर्जा. नाशिकच्या वर्गात ईव्हीचा, म्हणजे विजेवरच्या गाड्यांचा, विषय काढलात की कुणीतरी म्हणणारच, "वीज तर एकलहऱ्याच्या कोळशाचीच ना?" (नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, हे त्या मुलाला बहुधा तुमच्याआधी माहीत असेल.) त्याला गप्प करू नका, फळ्यावर हिशोब मांडायला लावा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं, तर १०० किलोमीटरला पाच किलो. ई-स्कूटरला तेवढ्याच अंतराला अंदाजे तीन युनिट लागतात. कोळशाच्या विजेचा युनिटमागे पूर्ण एक किलो धरला तरी तीनच किलो होतात, आणि शाळेच्या गेटवर धूर शून्य. पण एकलहऱ्याजवळ राहणाऱ्या मुलाच्या बाजूनेही बोला, त्याच्या वाट्याचा धूर शून्य होत नाही. टायर आणि ब्रेकची धूळही राहतेच. बससाठी सिटीलिंकचं एखादं वेळापत्रक आणा आणि एका बसमध्ये किती स्कूटरींची माणसं बसतात ते मोजायला लावा, बाकीचं मुलं स्वतः बोलतील.

आता राहिलेलं. व्हॅसलीनच्या पट्टीवर जाड धूळ आणि काजळी चिकटते. फुफ्फुसात खोल जाणारे पीएम २.५ चे कण भिंगाला दिसत नाहीत, त्यामुळे पट्टीवरून "आमची हवा इतकी वाईट" असे आकडे सांगू नका. आकड्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप पाहा. पीएम २.५ ची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. एवढा फरक का, यावर एक तास सहज निघतो. दम्याच्या मुलांना गेटजवळ बसवू नका, त्यांना आत नोंदी जुळवायला द्या.

आणि परवानगी लेखी घ्या. "करा हो सर, छान आहे" असं तोंडी म्हणणारा माणूस प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ओळख दाखवत नाही. तक्ता कुठे लागणार, तेसुद्धा त्याच कागदावर लिहून घ्या.